झेंड्याच्या खांबाचं सोनं

आमच्या कोइवुसाल्मी गावात कोणालाही विचारा, यार्नो पिर्होनेनचे पुढचे दात सोन्याचे आहेत असं तो छातीठोक सांगेल. आईस हॉकी संघाचं सोनेरी हेल्मेट त्याने लांबवलं, बापाच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफघरात, वितळवलं आणि त्या सोन्याचे दात करून घेतले. ही गोष्ट पेट्रोल पंपावरच्या कॅफेत ऐकलीत तर दात चार असतात, ग्रंथालयात ऐकलीत तर सहा. न्हाव्याकडे ऐकलीत तर उरलेल्या सोन्याची बापाला अंगठीसुद्धा केलेली असते.

यातलं खरं एवढंच, की हेल्मेट होतं, सौना होता, आणि वितळण्याच्या बाबतीत थोडंफार काहीतरी झालं होतं. दात मात्र साधेच आहेत, दवाखान्यात मिळतात तसले पांढरे. सामन्याच्या दिवशी ते ताउनो आजोबांच्या स्वयंपाकघरात निळ्या कपात पडलेले असतात. मी एकदा त्या कपात कॉफी ओतली आहे, म्हणजे माझी साक्ष पक्की.

यार्नो माझा सख्खा मामा आणि ताउनो आजोबा त्याचे वडील. पण इथे मी त्याला यार्नोच म्हणणार, कारण गोष्ट त्याची आहे.

यार्नोचा धंदा आडवं पडण्याचा. आईस हॉकीत गोल मारणारे असतात, गोल अडवणारा गोली असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये यार्नो असतो. समोरच्याने रबरी चकती जिवाच्या आकांताने हाणली की हा तिच्या वाटेत बर्फावर लोळण घेतो. चकती गोलीपर्यंत पोचण्याआधी त्याच्या गुडघ्यावर, बरगडीवर किंवा जबड्यावर आपटते. तो उठतो, थुंकतो आणि पुन्हा उभा राहतो. अठरा हंगाम, पाच देश, एक्केचाळीस गोल, नऊ दात. शेवटचा आकडा गेलेल्यांचा.

"लागत नाही का रे?" म्हणून एकदा आईने विचारलं होतं.

"लागतं, तेव्हा लागतं," यार्नो म्हणाला.

आता हे उत्तर झालं का? पण आमच्या सावो भागात हे भरघोस उत्तर समजतात. इथला माणूस ताकास तूर लागू देत नाही. 'हो' म्हटलं तर बांधला जाईन आणि 'नाही' म्हटलं तर समोरचा दुखावेल, म्हणून तो मधल्या गवतातून चालतो. "पाऊस येईल का?" "आला तर येईल." "मासे मिळाले का?" "तळ्यात आहेत अजून बरेच." आमच्याकडे म्हणतातच, सावोचा माणूस बोलायला लागला की पुढची जबाबदारी ऐकणाऱ्याची.

या बोलण्याने यार्नोला एकदा मोठा फटका दिला होता. एकोणीस वर्षांचा असताना त्याला अमेरिकेतल्या एका बड्या संघाने चाचणीला बोलावलं. तिथे तो दहा दिवस आडवा पडला, आणि असा पडला की बघणारे थक्क झाले. अकराव्या दिवशी प्रशिक्षकाने त्याला खोलीत बोलावून एकच प्रश्न विचारला, "तू या संघात टिकशील असं तुला वाटतं का?"

यार्नोला शंभर टक्के वाटत होतं. आत्मविश्वासाची त्याच्याकडे कधीच वाण नव्हती, तो फक्त तोंडावाटे बाहेर पडत नसे. त्याने नम्रपणे सांगितलं, "ते काय, टिकणारे टिकतात."

प्रशिक्षकाने मान डोलावली आणि संध्याकाळच्या विमानाचं तिकीट हातात ठेवलं.

"उत्तर बरोबर होतं. ऐकणारा कच्चा होता," असं आजोबा आजही टेबलावर बोट आपटून सांगतात. त्यांचा आवाज काढायचा तर आधी नाकात हवा भरावी लागते आणि 'कच्चा' म्हणताना कॉफीचा घोट अडकल्यासारखं थांबावं लागतं.

मग यार्नो स्वीडनला गेला, तिथून स्लोव्हाकिया, जर्मनी आणि शेवटी कझाकस्तान. तिथे एका सामन्यासाठी चौतीस तास रेल्वेने जायचं आणि हरून चौतीस तासांनी परत यायचं. प्रत्येक ठिकाणी त्याचं काम एकच. प्रशिक्षक सामन्याआधी समोरच्या संघाच्या सोनेरी डोक्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "यार्नो, तो." बस्स. मग साठ मिनिटं यार्नो त्या माणसाची सावली. तो माणूस पाणी प्यायला बाकाकडे गेला तरी यार्नो कठड्याला टेकून उभा.

हे सोनेरी डोकं म्हणजे काय, तर प्रत्येक संघात ज्याच्या नावावर सर्वांत जास्त गुण, त्याने सोनेरी हेल्मेट घालून खेळायचं. कझाकस्तानात ते नव्हतं, तिथे माणूस नावाने दाखवायचे. आमच्या लीगमध्ये मात्र असल्या बाबतीत कडक सोवळं पाळतात. हेल्मेट घालणारा त्या दिवशी नवरदेव असतो आणि मारही त्यालाच पडतो.

सदतिसाव्या वर्षी यार्नो गावी परतला. ज्या गावात शाळेमागे अग्निशमन दलाच्या नळाने पाणी सोडून, ते गोठवून केलेल्या बर्फाच्या रिंकवर आजोबांनी त्याला पहिल्यांदा उभं केलं, त्याच गावाच्या संघातून खेळायचं आणि इथेच थांबायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं. संघाचे व्यवस्थापक हेइमो काउप्पीनेन. पोट पुढे, मोबाइल कानाला आणि पाय कायम दाराकडे. त्यांनी यार्नोला चाचणीचा करार दिला, पहिल्या तीन सामन्यांपुरता.

"आणि चौथा?" यार्नोने विचारलं.

"चौथा सामना होणारच की," हेइमो म्हणाले.

"त्यात मी असेन?"

"कोणीतरी असेलच."

दोघेही इथलेच. दोघांनाही कळलं की काहीच ठरलेलं नाही.

पहिला सामना आम्ही चार-शून्य हरलो. दुसरा तीन-एक. आणि हा जो एक, तिथूनच सगळं रामायण सुरू झालं. यार्नो बदलीसाठी बाकाकडे निघाला होता, पाठ फिरवून. समोरच्यांचा बचावपटू चकती लांब हाणायला गेला, ती सणसणत यार्नोच्या ढुंगणावर आपटली आणि उलटी फिरून त्यांच्याच जाळ्यात शिरली. यार्नोला आधी वाटलं कोणीतरी लाथ मारली. भांडायला म्हणून वळला, तर आपलीच पोरं गळ्यात पडताहेत.

दोन सामने, आख्ख्या संघाचा एक गोल, आणि तो यार्नोच्या बुडाचा. म्हणजे सर्वांत जास्त गुण त्याचे. म्हणजे तिसऱ्या सामन्यात सोनेरी हेल्मेट यार्नो पिर्होनेनच्या डोक्यावर!

शुक्रवारी सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत हेल्मेट आलं. संघाकडे तेवढं एकच होतं, गेल्या वर्षीच्या एका किडकिडीत खेळाडूच्या मापाचं. पिर्होनेन घराण्याची डोकी म्हणजे जातिवंत भोपळे. आजोबांना टोपीच्या दुकानातून दोनदा हात हलवत परत यावं लागलं आहे. हेल्मेट यार्नोच्या टाळूवर असं बसलं जसं उकडलेल्या अंड्यावर बाटलीचं झाकण.

"म्हातारबा, फार शोभतंय हो," ओन्नी म्हणाला. ओन्नी हिल्टुनेन, वय एकोणीस, हात विजेसारखे आणि जीभ त्याहून वेगवान. "फक्त खाली थोडं डोकं दिसतंय."

हेइमोंना मात्र हसू आलं नाही. किंवा आलं असेल, पण त्यांनी ते कामाला लावलं. "बसत नाही म्हणतोस? मग अवघड आहे बाबा. लीगचा नियम आहे. हेल्मेट बसलं नाही, तर उद्या तुलाच बसावं लागेल. बाहेर. तुझ्या जागी एखाद्या नव्या पोराला बघता येईल. म्हणजे, बघितलं तर."

यार्नोला बरोबर कळलं. उद्या बर्फावर पाय पडला नाही तर तिसरा सामना संपला, करार संपला, अठरा वर्षं संपली. आणि तीही कशावरून, तर डोक्याच्या घेरावरून.

"सोनेरीच हवं ना?" त्याने विचारलं.

"सोनेरी असलं, की सोनेरी," हेइमो म्हणाले.

यार्नो घरी आला आणि आपलं जुनं काळं हेल्मेट टेबलावर ठेवलं. चौदा वर्षं वापरलेलं, पाच देशांचे ओरखडे अंगावर घेतलेलं. आजोबांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि ते लाकडं ठेवायच्या खोपटात गेले. येताना हातात डबा. आमच्या अंगणात झेंड्याचा खांब आहे. त्याच्या टोकावरचा गोळा आजोबा दर मे महिन्यात सोनेरी रंगवतात. गावातला सर्वांत लखलखीत गोळा आमचा, याचा त्यांना असा अभिमान, की शेजारच्या घरी कोणी पाहुणा आला तरी ते त्याला आमच्या कुंपणाशी बोलावून वर बघायला लावतात.

"वीस मीटरवरून चमकतो," आजोबा म्हणाले. "तुझं डोकं तर जवळच आहे."

रात्रीच्या जेवणाआधी दोन हात मारून झाले. शनिवारी सकाळी बघतात तर रंग तसाच चिकट. बाहेर सप्टेंबरची ओल, झाडांवरून टपटप पाणी, आणि डब्यावर लिहिलेलं, कोरड्या हवेत चोवीस तास. सामना पाचला. हातात सात तास.

"सौना," आजोबा म्हणाले.

यार्नोने अट घातली. आच मंद, हेल्मेट खालच्या फळीवर, आणि कोणीही, काहीही झालं तरी, दगडांवर पाणी मारायचं नाही. आजोबा दुखावले. "मला शिकवतोस? त्र्याहत्तर वर्षं सौनात बसतोय मी." आणि राखण करायला स्वतःच आत जाऊन बसले.

चूक झाली ती इथे. पण या गावातल्या कोणत्याही माणसाकडून तीच झाली असती. तापलेल्या सौनात बसायचं आणि दगडांवर पाणी मारायचं नाही, म्हणजे भरल्या ताटावर बसून घास न घेण्यासारखं. आजोबांनी आधी, चूल विझू नये म्हणून, एक लाकूड सारलं. मग त्याला सोबत म्हणून दुसरं. मग जरा ऊब आली, पाठ सैलावली, डोळे मिटले, आणि जित्याची खोड, हात आपोआप बादलीतल्या पळीकडे गेला.

स्वयंपाकघरात आई, मी आणि यार्नो कॉफी पीत होतो. भिंतीपलीकडून लांबलचक आवाज आला. श्शूऽऽऽऽऽ.

आईने दालचिनीचा पाव खाली ठेवला. यार्नोने डोळे मिटले. मग पुन्हा, श्शूऽऽऽ. म्हणजे आजोबांनी दुसरी पळीही मारली होती.

वाफेच्या ढगातून आजोबा बाहेर आले ते हेल्मेट दोन बोटांत धरून. रंग वरवर तरी सुकला होता, यात शंका नाही. पण हेल्मेटचा डावा गाल आत गेला होता, आतलं अस्तर आक्रसलं होतं आणि वरचा भाग भाकरीसारखा एका बाजूला फुगला होता.

"थोडंसं जास्त झालं असेलही," आजोबा म्हणाले. "किंवा रंगच हलका असेल."

आई काहीतरी बोलणार होती. त्याआधी यार्नो उठला. "टॉवेल!" ओला टॉवेल डोक्याला गुंडाळला, वाफाळतं हेल्मेट आजोबांच्या हातातून खेचलं, तसंच डोक्यावर दाबलं आणि हनुवटीखाली पट्टा करकचून आवळला.

"अरे, भाजशील!" आई ओरडली.

"स्केट कशी घालतात?" यार्नो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांचं शहाणपण पसरलं. नवी स्केट पायाला चावते, म्हणून ती भट्टीत गरम करतात, मऊ पडली की पायात घालून नाडी आवळतात आणि थंड होईपर्यंत गप्प बसून राहतात. ती पायाचा आकार घेते. यार्नोने आयुष्यात अशा चाळीसेक जोड्या पायांवर थंड केल्या होत्या. "पायाला जे चालतं ते डोक्याला चालेल. अर्धा तास. कोणी मला हसवायचं नाही."

हे त्याने माझ्यासमोर म्हणायला नको होतं.

तो खुर्चीत ताठ बसला, दोन्ही तळव्यांनी हेल्मेट दाबून, कानावरून सोनेरी ओघळ. आणि मी त्याची मागच्या सामन्यानंतरची टीव्हीवरची मुलाखत सुरू केली, दात नसलेल्या तोंडाने, त्याच आवाजात. "त्याचं अफंय, आम्हीही खेळलो... तेही खेळले... चकती होती एकच..."

यार्नोचे खांदे हलायला लागले. "गप्प बस, ए टेपरेकॉर्डर! वाकडं थंड होईल!"

"मामा, तुझ्या आख्ख्या जन्मात टीव्हीवर तू एक सरळ उत्तर दिलेलं नाहीस. एका शब्दाचं तर नाहीच."

"दिलं असेल."

"बघ! पैज लाव. आज मुलाखत झाली तर एका शब्दात उत्तर द्यायचं. नाही जमलं तर उद्या बाजारच्या चौकात दात न लावता कलाकुक्को खायचा, जाड कवचासकट." कलाकुक्को म्हणजे राईच्या पिठाच्या आवरणात भाजलेले मासे. त्याचं कवच दात असलेल्यांनाही घाम फोडतं.

"आणि जमलं तर?"

मी उदारपणे म्हटलं, "आठवडाभर मी कोणाचीही नक्कल करणार नाही." हे होणारच नव्हतं, मग उदार व्हायला काय जातं?

"आजोबांचीही नाही?" दारातून आजोबांनी विचारलं.

"कोणाचीही नाही."

अर्ध्या तासाने यार्नोने हात काढले. हेल्मेट जिथल्या तिथे. डोकं गदगदा हलवलं, उडी मारली, आजोबांनी वरून टपली मारून पाहिली. ढिम्म. अठरा वर्षांत एवढं मापात बसलेलं हेल्मेट त्याला कधी मिळालं नव्हतं. फक्त ते आता इतर कोणत्याही मनुष्यप्राण्याला होणार नव्हतं.

पाचला रिंक गच्च भरलेली. पंचाने यार्नोला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"डोक्यावर घालतात ते."

"हे हेल्मेट आहे?"

"सोनेरी आहे."

पंच कुओपिओकडचा, म्हणजे आमच्यातलाच. त्याने ठोकून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "असेना का." हेइमो कठड्यापाशी मोबाइल कानाला लावून उभे होते. त्यांनी तो कानावरून खाली घेतला.

समोर किनाऱ्याकडचा बलाढ्य संघ. पहिल्याच मिनिटाला त्यांचे दोन दांडगे बचावपटू यार्नोला चिकटले. एकाने दंडावर स्टिक हाणली, दुसऱ्याने कठड्यावर आपटलं. आणि भिंतीला चेपलेला असतानाच यार्नोच्या तोंडावर हसू पसरलं. मी समोरच्याच रांगेत होते, त्यामुळे ते बिनदाताचं भगदाड मला स्पष्ट दिसलं.

त्याला काय कळलं होतं सांगते. त्यांच्या प्रशिक्षकाने सामन्याआधी सोनेरी डोक्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "तो." ते हेल्मेट ढुंगणाच्या गोलावर मिळालंय, याची त्या दोघांना पर्वा नव्हती. सोनं दिसलं, की चिकटायचं. हे काम यार्नोने स्वतः अठरा वर्षं केलं होतं. सावलीच्या डोक्यात काय चालतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? सावली चकतीकडे बघत नाही, माणसाकडे बघते.

बाकावर येऊन त्याने ओन्नीला जवळ ओढलं. "मी त्या दोघांना कोपऱ्यात फिरायला नेतो. तू जाळ्यासमोर उभा राहा."

"म्हातारबा, दोघं येतील तुमच्या मागे?"

"येणारे येतात."

आणि आले! यार्नो डाव्या कोपऱ्यात गेला, दोघं डाव्या कोपऱ्यात. उजव्या कोपऱ्यात गेला, तर तिकडे. चकती दुसऱ्या टोकाला असताना हा आपल्याच मौजेत कठड्याशी बुटाची नाडी बघतोय, आणि ते दोघं त्याची नाडी बघताहेत. मधल्या मोकळ्या बर्फावर ओन्नी एकटा. दुसऱ्या सत्रात त्याने एक मारला, तिसऱ्यात दुसरा. किनाऱ्यावाल्यांनी मध्येच एक परत केला. शेवटच्या मिनिटाला ते सगळे पुढे घुसले, त्यांच्या दांडग्याने स्टिक उगारली, आणि यार्नो पिर्होनेन, जसा स्वीडनमध्ये, जसा कझाकस्तानात, तसाच आपल्या गावात आडवा पडला. चकती बरगडीवर. भोंगा वाजला. दोन-एक.

ओन्नीचे दोन गोल, म्हणजे पुढच्या सामन्याला सोनेरी डोकं त्याचं. त्याने आल्या आल्या यार्नोच्या हेल्मेटला हात घातला. "हे सुकलंय ना नक्की?"

"तुझ्या मापाचं कपाटात आहे, तेच घाल."

टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन आली. यार्नोचे केस कानांवर सोनेरी, कपाळावर सोनेरी पट्टा, तोंडात पुढे दात नाहीत. शेजारी हेइमो, पोट आत ओढून, कॅमेऱ्यासाठी हसत. मुलगी राजधानीची असावी, कारण तिने सरळच विचारलं, "आज तुमचा करार संपतोय म्हणे. वसंतापर्यंत तुम्ही याच संघात दिसणार का?"

सगळी रिंक मोठ्या पडद्यावर बघत होती. आजोबा माझ्या शेजारी पुटपुटले, "दिसणारे दिसतात." त्यांना खात्रीच होती की हेच येणार. मलाही.

यार्नोने हेइमोंकडे पाहिलं. मग कॅमेऱ्यात पाहिलं. त्याच्या मनात अमेरिकेतली ती खोली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं. म्हणजे, सांगितल्यासारखं केलं.

"हो," तो म्हणाला.

मागे नाही, पुढे नाही. रिंकमध्ये चार हजार सावोकर एकदम गप्प झाले, जणू कोणीतरी कपडे काढले. मुलगीही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. ते आलंच नाही, म्हणून तिने माइक हेइमोंकडे वळवला.

हेइमोंचं काय झालं असेल, विचार करा. समोर कॅमेरा, मागे आख्खं गाव, आणि टीव्हीवर 'नाही' म्हणायची आमच्यात कोणाची छाती? त्यांनी मोबाइल खिशात घातला, पुन्हा काढला. "आता... तसं म्हटलं तर... तसं होऊही शकेल."

आणि गाव गरजलं. कारण इथे 'होऊही शकेल' म्हणजे सही, शिक्का आणि दोन साक्षीदार. सोमवारी सकाळी करार लिहून आला, एप्रिलपर्यंतचा.

कठड्यावरून यार्नोने माझ्याकडे बोट दाखवलं. मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

आठवडाभर मी शाळेत, बसमध्ये, घरात फक्त माझ्याच आवाजात बोलले. तिसऱ्या दिवशी आजोबांनी दारातून डोकावून आईला विचारलं, "घरी कोणी पाहुणी आली आहे का?"